वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हिंगवर बंदी आली, रिव्ह्यू हरलो, आता कोर्टात जाऊ का?

मागच्या अंकात मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या, म्हणजे आपल्या बी.सी.मधल्या, रस्त्यावरच्या ब्रेथ टेस्टबद्दल, म्हणजे पोलीस मशीनमध्ये फुंकायला लावून जागच्या जागी ड्रायव्हिंगवर बंदी घालतात त्या कायद्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगते, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सोडवायच्या युक्त्या इथे मिळणार नाहीत, या कायद्याने लोकांचे जीव वाचलेत हे मी मनापासून मानते. पण बंदी घालणारा पोलीस, ती तपासणारा, म्हणजे रिव्ह्यू करणारा, सरकारी अधिकारी आणि त्याचा निर्णय तपासणारं कोर्ट, या तिघांची कामं वेगवेगळी आहेत आणि ती माहीत नसल्यामुळे आपली माणसं भलत्या ठिकाणी भलती गोष्ट सांगायला जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या सरेत राहतो, डिलिव्हरीचं काम करतो. मित्राकडे जेवायला गेलो होतो, निघता निघता त्याने आग्रह केला म्हणून एक पेग घेतला आणि लगेच गाडीत बसलो, पाच मिनिटांवर नाकाबंदी. मशीनवर 'फेल' आलं. ९० दिवसांची बंदी आणि गाडी ३० दिवसांसाठी उचलून नेली. सात दिवसांच्या आत रिव्ह्यूचा अर्ज केला, वकील नव्हता, फोनवर जमेल तसं सांगितलं, निर्णय विरोधात गेला. आता मित्राचं आणि त्याच्या बायकोचं अॅफिडेव्हिट तयार करून घेतोय. जज्जसाहेबांसमोर उभं राहून त्या रात्री खरं काय झालं ते सांगायचंय. कोर्ट ऐकेल ना?

भाऊ, तुम्ही ज्या अर्थाने विचारताय त्या अर्थाने नाही ऐकणार. हे वाचून वाईट वाटेल पण हजारो डॉलर खर्च झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

तुम्ही जे करायला निघालाय त्याला ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणतात आणि ते अपील नव्हे. कोर्टात त्या रात्रीचा खटला नव्याने चालत नाही, साक्षीदार उभे राहत नाहीत, तुम्हालाही कोणी पिंजऱ्यात बोलावत नाही. सुपरिटेंडंट ऑफ मोटर व्हेइकल्सच्या वतीने ज्या अधिकाऱ्याने, म्हणजे अॅडज्युडिकेटरने, तुमचा रिव्ह्यू ऐकला त्याच्यासमोर त्या दिवशी कोणते कागद होते, तुम्ही काय सांगितलं होतं आणि त्याने कारणं काय दिली, एवढंच जज्ज बघतात. मित्राचं अॅफिडेव्हिट तेव्हा दिलं नसेल तर आता साधारणपणे ते आत घेतलं जात नाही, मग ते कितीही खरं असो.

आणि बघताना जज्ज असं विचारत नाहीत की 'मी असतो तर काय ठरवलं असतं'. क्रिकेटमधलं अंपायर्स कॉल आठवा, बॉल स्टंपला जरासा लागतोय, मैदानावरच्या अंपायरने आऊट दिलं असेल तर आऊट आणि नॉटआऊट दिलं असेल तर नॉटआऊट, थर्ड अंपायर स्वतःचं मत घालत नाही. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये वाविलोव्ह नावाच्या निकालात हे नीट बांधून दिलं. तो खटला ड्रायव्हिंगचा नव्हता, टोरांटोत जन्मलेल्या, रशियन हेरांच्या मुलाच्या नागरिकत्वाचा होता, पण सरकारी अधिकाऱ्यांचे निर्णय कोर्टाने कसे तपासायचे याचं आजचं माप तिथून येतं. निर्णय रीझनेबल आहे का, म्हणजे त्यातली कारणं एकमेकांना धरून आहेत का आणि समोरचे पुरावे नि कायदा यांच्याशी त्यांचा मेळ बसतो का, एवढं बघायचं. एकेक ओळ भिंगाखाली धरून चुका शोधत बसायचं नाही, आणि पुराव्याचं वजनही पुन्हा करायचं नाही.

आता तुमच्या केसमधली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तो शेवटचा पेग. नुकतंच प्यायलेलं असेल तर तोंडात उरलेल्या दारूमुळे मशीन जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून असं काही समजलं तर पोलिसाने साधारण १५ मिनिटं थांबून टेस्ट घ्यावी अशी पद्धत आहे. तुम्ही पाच मिनिटांत नाकाबंदीवर पोचलात. मग मला तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात : हे तुम्ही फोनवरच्या सुनावणीत अधिकाऱ्याला सांगितलं होतं का, आणि त्याच्या लेखी निर्णयात त्यावर एक शब्द तरी आहे का?

सांगितलं होतं आणि निर्णयात त्याचा मागमूस नाही, तर तुमच्याकडे कोर्टात नेण्यासारखं काहीतरी आहे, कारण मुख्य मुद्द्याला हातच न लावलेला निर्णय रीझनेबल म्हणता येत नाही. सांगितलं होतं आणि अधिकाऱ्याने लिहिलंय की 'ड्रायव्हरने पोलिसाला शेवटचं ड्रिंक तासाभरापूर्वीचं सांगितलं होतं असं रिपोर्टमध्ये आहे, म्हणून आत्ताच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही', तर मात्र अवघड आहे, कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणं त्याचंच काम. आणि सांगितलंच नव्हतं, तर भाऊ, कोर्टात जाऊन पैसे घालवू नका.

थोडा इतिहास सांगते, कारण आज तुम्हाला जे हक्क आहेत ते कोणीतरी कोर्टात भांडल्यामुळे आलेत. ही जागच्या जागी बंदी घालायची पद्धत बी.सी.त २० सप्टेंबर २०१० ला सुरू झाली. गुन्हेगारी खटला नाही, जज्ज नाही, रस्त्याच्या कडेला मशीनमध्ये फुंकायचं आणि 'फेल' आलं, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम किंवा जास्त, की तिथल्या तिथे लायसन्स गेलं. सुरुवातीला रिव्ह्यूमध्ये अधिकाऱ्याला जवळजवळ दोनच गोष्टी बघता यायच्या, गाडी तुम्ही चालवत होतात का आणि मशीनने फेल दाखवलं का, बस. मशीन बरोबर होतं का हे विचारायची सोयच नव्हती. बी.सी.च्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०११ मध्ये सांगितलं की इतकी मोठी शिक्षा आणि मशीनचा आकडा तपासायची काहीच वाट नाही, हे चार्टरच्या, म्हणजे कॅनडाच्या घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या, आठव्या कलमात, म्हणजे अवाजवी झडतीपासूनच्या संरक्षणात, बसत नाही. मग जून २०१२ मध्ये कायदा बदलला. पोलिसाचा रिपोर्ट शपथेवर हवा, दुसऱ्या मशीनवर दुसरी टेस्ट मागायचा तुमचा हक्क पोलिसाने तुम्हाला सांगायलाच हवा, दोन्हींपैकी कमी आकडा धरायचा, आणि आकडा भरवशाचा नव्हता हा मुद्दा रिव्ह्यूमध्ये मांडता येतो. १६ ऑक्टोबर २०१५ ला ओटावातल्या, म्हणजे कॅनडाच्या सगळ्यात वरच्या, सुप्रीम कोर्टाने गुडविन निकालात एकूण पद्धत योग्य ठरवली पण जुन्या रूपातला तो भाग घटनाबाह्य होता हे मान्य केलं. म्हणजे त्या ड्रायव्हर्सच्या भांडणामुळे आज तुमच्या त्या फोनवरच्या सुनावणीला काहीतरी अर्थ आलाय. म्हणूनच मी कळकळीने सांगते की खरी लढाई तिथेच असते, त्या सात दिवसांत आणि त्या फोनवर. लेखी रिव्ह्यूची फी १०० डॉलर, तोंडी सुनावणीची २००. पोलिसांचा रिपोर्ट आणि मशीनचे कागद तुम्हाला मिळतात, ते वाचा, कोणाकडून तरी वाचून घ्या, मित्राचं अॅफिडेव्हिट त्याच आठवड्यात करा. सात दिवस फार कमी आहेत हे मलाही पटतं, नोकरी सांभाळून आणि नव्या देशात तर फारच, पण कायदा तोच आहे.

जायचंच ठरलं तर बी.सी. सुप्रीम कोर्टात पिटिशन दाखल करायची. नावात सुप्रीम असलं तरी हे साधारण आपल्या हायकोर्टाच्या जागी आहे, त्याच्या वर कोर्ट ऑफ अपील आणि मग ओटावा. फी २०० डॉलर, सोबत तुमचं अॅफिडेव्हिट आणि त्याला जोडून बंदीची नोटीस, पोलिसाचा रिपोर्ट, तुम्ही दिलेले कागद आणि निर्णयाचं पत्र. प्रत सुपरिटेंडंटला आणि अॅटर्नी जनरलला द्यायची, त्यांना उत्तराला २१ दिवस. किती दिवसांत दाखल करायची याचा आकडा तिथल्या ज्युडिशियल रिव्ह्यू कायद्यात नाही पण म्हणून निवांत बसू नका, उशिरामुळे दुसऱ्या कोणाचं मोठं नुकसान होत असेल तर कोर्ट ते विचारात घेतं. आणि जिंकलात तरी बहुतेक वेळा जज्ज स्वतः बंदी उठवत नाहीत, निर्णय रद्द करून रिव्ह्यू पुन्हा ऐका म्हणून परत पाठवतात. हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. वकील परवडत नसेल तर बी.सी.मध्ये अॅक्सेस प्रो बोनो नावाची संस्था मोफत सल्ला देते, आधी तिथे निर्णयाचं पत्र दाखवा. मला सुद्धा पाठवा, वाचून सांगेन.

प्रश्न : कोर्टात पिटिशन टाकली की बंदी आपोआप थांबते का? माझी नोकरीच गाडीवर आहे आणि तारीख मिळेपर्यंत ९० दिवस तसेच संपून जातील. (अॅबट्सफर्ड)

आपोआप थांबत नाही, हे कृपया लक्षात ठेवा, 'केस टाकलीये ना' म्हणून एकाने गाडी काढली आणि पकडला गेला असं मी स्वतः पाहिलंय. बंदी असताना चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरलात तरी किमान ५०० डॉलर दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग होऊ शकतो आणि वर्षभराची नवी बंदी.

थांबवायची तर वेगळा अर्ज करून स्टे मागावा लागतो. तेव्हा कोर्ट तीन गोष्टी बघतं, तुमच्या पिटिशनमध्ये खरंच काही दम आहे का, स्टे नाही दिला तर नंतर भरून न निघणारं नुकसान होईल का, आणि तुमची अडचण विरुद्ध रस्त्यावरच्या बाकी लोकांची सुरक्षा, पारडं कुठे झुकतं. तुम्ही लिहिलंय तसं नुसतं 'नोकरीला गाडी लागते' हे प्रत्येकजणच म्हणतो. मालकाचं पत्र आणा की गाडी नाही तर काम नाही, बस कुठून कुठे जाते आणि रात्रपाळी किती वाजता सुटते ते लिहा, घरात दुसरं कोण चालवतं ते लिहा. तुमचं आधीचं रेकॉर्ड स्वच्छ असेल तर तेही जोडा. स्टे मिळाला आणि शेवटी हरलात तर उरलेले दिवस भोगावे लागतात, ते माफ होत नाहीत.

९० दिवस संपल्यावरही लोक लढतात ते उगीच नाही. दंडाचे ५०० डॉलर, लायसन्स परत घ्यायची फी २५०, टोइंग आणि गाडी ठेवल्याचं भाडं, मागे लागणारा रिस्पॉन्सिबल ड्रायव्हर प्रोग्राम नावाचा कोर्स, गाडीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू न होणारं इंटरलॉक, हे सगळं त्या एका कागदावर उभं असतं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना 'वॉर्न' आलं, तीन दिवसांची बंदी. ते अगदी सरळ गाडी चालवत होते, बोलण्यात अडखळणं नाही, काही नाही. दारूमुळे चालवण्यावर परिणाम झाला असं पोलिसाला वाटलं पाहिजे असं कायद्यात लिहिलंय म्हणे, मग हे बेकायदा नाही का? आणि आमच्या पी.आर.वर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यावर, परिणाम होईल का, रात्र रात्र झोप नाही. (बर्नाबी)

वहिनी, आधी झोपेचं. ही बंदी म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नाही, क्रिमिनल रेकॉर्ड होत नाही. गुडविन निकालातही कोर्टाने म्हटलंय की यात माणसावर गुन्ह्याचा आरोप ठेवला जात नाही. घाबरायचं ते पोलिसांनी क्रिमिनल कोडखाली केस केली तर, कारण १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली आणि त्यामुळे इमिग्रेशनच्या कायद्यात तो गंभीर गुन्हेगारीत जाऊन बसला, दोषी ठरलं तर पी.आर. असलेल्यालाही देश सोडायची वेळ येऊ शकते. तुमच्याकडे तसलं काही आलेलं नाही. तरी पी.आर.च्या फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, लपवू नका.

आता 'सरळ चालवत होते' याबद्दल. हाच मुद्दा घेऊन एक गृहस्थ ओटावापर्यंत गेले होते. व्हँकुव्हर बेटावर कूम्ब्स नावाच्या गावाजवळ २०१२ मध्ये त्यांना थांबवलं, दोन्ही मशीनवर वॉर्न, आणि त्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच की नुसत्या मशीनच्या वॉर्नवरून परिणाम झाला असं कसं ठरवता. खालच्या जज्जना ते पटलं होतं, कोर्ट ऑफ अपीलने उलटवलं आणि सुप्रीम कोर्टाने गुडविनच्याच दिवशी विल्सन निकालात सांगितलं की वॉर्न एवढा आधार पुरेसा आहे, वेगळा पुरावा लागत नाही, आणि अधिकाऱ्याने कायद्याचा तसा अर्थ लावणं रीझनेबल आहे. तेव्हा ही वाट बंद आहे. वॉर्न म्हणजे ५० मिलिग्रॅमपासून ८० च्या आत, पहिल्या वेळी तीन दिवस, पाच वर्षांत पुन्हा झालं तर सात, तिसऱ्यांदा ३०. मी तुमच्या जागी असते तर कोर्टाचा विचार सोडला असता, फक्त दुसऱ्या टेस्टचा हक्क पोलिसाने सांगितला नसेल तर सात दिवसांत रिव्ह्यूचा अर्ज मात्र नक्की केला असता.

प्रश्न : मला दमा आहे. पोलिसाने फुंकायला सांगितलं, मी पाच-सहा वेळा प्रयत्न केला, श्वासच पुरेना, शेवटी त्याने 'रिफ्यूज' लिहून ९० दिवसांची बंदी दिली. मी दारूच घेत नाही. इंग्रजीही घाबरल्यावर सुचत नाही. रिव्ह्यूची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. (न्यू वेस्टमिन्स्टर, वय ५८)

मावशी, तुमचं पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं कारण तुमच्याकडे अजून वेळ आहे आणि तुमच्यासारख्या माणसांनीच हरू नये असं मला वाटतं.

कायद्यात 'वाजवी कारण' असा मुद्दा आहे, फुंकायला नकार दिला किंवा जमलं नाही यामागे वाजवी कारण होतं हे दाखवलं तर बंदी रद्द करावीच लागते. पण दमा आहे असं तोंडी सांगून भागणार नाही. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि त्यात नुसतं 'दम्याची पेशंट' असं नको, तुमच्या फुफ्फुसाची तपासणी कधी झाली, त्यात काय निघालं आणि अशा मशीनला लागतो तेवढा वेळ सलग जोरात फुंकणं तुम्हाला का जमत नाही, हे त्यांच्या शब्दांत हवं. इन्हेलरचं प्रिस्क्रिप्शन जोडा, पंप त्या वेळी पर्समध्ये होता का ते सांगा, पोलिसाला दम्याबद्दल बोललात का, कोणत्या शब्दांत, तो काय म्हणाला, सगळं मराठीत का होईना आजच लिहून काढा आणि लेकीकडून भाषांतर करून घ्या. सुनावणीत दुभाष्या बरोबर घ्या. पोलिसाच्या रिपोर्टमध्ये किती वेळा फुंकलं त्याची नोंद असेल, तुमचे पाच-सहा प्रयत्न तिथे दिसत असतील तर तेच तुमच्या बाजूने बोलतं, नकार द्यायचा असलेला माणूस सहादा कशाला फुंकेल.

आणखी एक बघा, मशीन पोलिसाकडे तिथेच होतं का मागवावं लागलं? क्यूबेकमधल्या एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यावरची छोटी उघडी गाडी, चालवणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात, ब्रो निकालात, सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की कायद्यात 'ताबडतोब' फुंकायला सांगा असं आहे म्हणजे ताबडतोब, मशीन येईपर्यंत माणसाला तिष्ठत ठेवायचं आणि त्याने नाही म्हटलं की रिफ्यूज लिहायचं हे चालणार नाही, खास काही परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळं आत्ता कागदावर आणा असं मी का म्हणतेय ते वरच्या साताऱ्याच्या भावाच्या उत्तरात आहे. डॉक्टरांचं पत्र दिलं आणि अधिकाऱ्याने निर्णयात त्याकडे काणाडोळा केला, किंवा तुम्हाला न दाखवलेल्या कुठल्यातरी माहितीवरून 'दमेकऱ्यांनाही फुंकता येतं' असं लिहिलं, तर कोर्टात तुमची बाजू भक्कम होते, दुसरी गोष्ट तर सरळ अन्याय्य पद्धत ठरते. पत्रच दिलं नसेल तर जज्जच्या हातात काहीच नसतं.

प्रश्न : भारतात असं काही आहे का? माझ्या मुलाचं लायसन्स ट्रॅफिक पोलिसांनी ओव्हरस्पीडसाठी घेतलं आणि 'तीन महिने सस्पेंड' असं तोंडी सांगितलं. कागद काहीच नाही. कुठे दाद मागायची? (सांगली)

काका, इथे तर गोष्ट फार स्पष्ट आहे. पोलिसांना लायसन्स ताब्यात घेता येतं, मोटर वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली, पण त्याची पावती द्यावी लागते आणि ते लायसन्स पुढे आरटीओकडे पाठवावं लागतं. सस्पेंड करायचा अधिकार कलम १९ खाली लायसन्सिंग अथॉरिटीचा, म्हणजे आरटीओचा, आणि तोही मुलाचं म्हणणं ऐकून घेतल्यावर, कारणं लेखी देऊन. कलकत्ता हायकोर्टाने २०२२ मध्ये अशाच ओव्हरस्पीडच्या प्रकरणात, जिथे पोलीस अधिकाऱ्यानेच ९० दिवस सस्पेंड केलं होतं, तो हुकूम रद्द केला. तीन महिन्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, रस्ता सुरक्षेसाठी सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की ओव्हरस्पीड, सिग्नल तोडणं, मोबाइलवर बोलणं, दारू पिऊन चालवणं यासाठी किमान तीन महिने लायसन्स सस्पेंड करा. पण करायचं कोणी आणि कसं, ते कायद्यानेच.

तेव्हा आधी पावती मागा, मग आरटीओत लेखी अर्ज द्या की माझ्या लायसन्सबद्दल हुकूम झालाय का, झाला असेल तर प्रत द्या, पोच घ्या. हुकूम मिळाला की ३० दिवसांत कलम १९ खालीच अपील आहे. ते सोडून थेट हायकोर्टात गेलात तर आधी अपील करून या असं सांगण्याची शक्यता जास्त, पण ज्याला अधिकारच नाही त्याने हुकूम काढला किंवा ऐकूनच घेतलं नाही अशा वेळी घटनेच्या कलम २२६ खाली रिट घेतली जाऊ शकते. सांगलीकरांना आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय.

आणि एक जुनं पण सोन्यासारखं तत्त्व लक्षात ठेवा. डिसेंबर १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकारी हुकूम त्यातच दिलेल्या कारणांवर टिकला पाहिजे, नंतर कोर्टात अॅफिडेव्हिट करून नवी कारणं चिकटवता येत नाहीत. म्हणून तोंडी सस्पेन्शन कबूल करून गप्प बसू नका, हुकूम कागदावर यायलाच हवा, त्याशिवाय तपासायचं तरी काय. मुलाने वेगात चालवली असेल तर चलान मात्र भरा.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, डेल्टाला राहतात. दारूचा संबंध नाही, कधी तिकीट नाही. डॉक्टरांच्या तपासणीनंतर पत्र आलं की नजरेच्या कारणाने लायसन्स रद्द. ते दोन आठवडे कोणाशी बोललेले नाहीत. कोर्टात जायचं का?

लगेच नको, त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. ८० वर्षांचे झाल्यावर आणि मग दर दोन वर्षांनी बी.सी.त ही तपासणी होतेच, त्यात वडिलांचा अपमान कोणी केलेला नाही हे त्यांना आधी सांगा.

मग त्यांना एक खरी गोष्ट सांगा. १९८४ मध्ये बी.सी.मधल्या खाणीत ट्रक चालवणाऱ्या टेरी ग्रिस्मर नावाच्या माणसाला स्ट्रोक आला आणि दोन्ही डोळ्यांची एका बाजूची नजर गेली. सुपरिटेंडंटने लायसन्स रद्द केलं. नियम असा की नजरेचा पसारा किमान १२० अंश हवा, आणि गंमत नाही, खरंच असं होतं की बाकी काही आजारांच्या लोकांना त्यातून सूट मिळू शकायची पण ग्रिस्मरच्या आजाराला मुळीच नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा अर्ज केला, बाकीच्या टेस्ट पास व्हायचे आणि नजरेच्या टेस्टला अडायचे. शेवटी मानवी हक्कांची तक्रार केली. तिथे जिंकले, सुपरिटेंडंट ज्युडिशियल रिव्ह्यूला गेले, पहिल्या कोर्टात हरले, कोर्ट ऑफ अपीलमध्ये जिंकले, आणि १६ डिसेंबर १९९९ ला सुप्रीम कोर्टाने ग्रिस्मरच्या बाजूने एकमताने निकाल दिला. तोपर्यंत ते वारले होते. न्यायमूर्ती मॅकलॅकलिन यांनी असं नाही म्हटलं की त्यांना लायसन्स द्यायलाच हवं होतं, त्यांनी म्हटलं की या माणसाला सुरक्षित चालवता येतं का हे त्याची स्वतःची टेस्ट घेऊन बघायला हवं होतं, आजाराच्या नावावरून दार बंद करणं हा भेदभाव आहे.

वडिलांच्या बाबतीत तुम्हाला नेमकं हेच विचारायचंय. पत्रातलं कारण नीट वाचा, त्यात त्यांची स्वतःची तपासणी दिसते का नुसतं निदान लिहिलंय? डोळ्यांच्या स्पेशालिस्टकडून ताजा रिपोर्ट घ्या, मोतीबिंदू असेल आणि ऑपरेशन होण्यासारखं असेल तर ते लिहून घ्या, आणि सुपरिटेंडंटच्या ऑफिसला नव्या वैद्यकीय माहितीवर फेरविचार करा आणि रस्त्यावर चालवून दाखवायची टेस्ट द्या असं लेखी मागा. ते नाकारलं आणि कारण दिलं नाही किंवा रिपोर्ट वाचल्याचं दिसलं नाही, तर ज्युडिशियल रिव्ह्यू, किंवा बी.सी.च्या ह्युमन राइट्स ट्रिब्युनलकडे एका वर्षाच्या आत तक्रार, दोन्ही वाटा आहेत. मधल्या काळात त्यांना सकाळी देवळात नि संध्याकाळी मित्रांकडे सोडायची पाळी घरातल्यांनी वाटून घ्या, आणि टेस्टची तारीख मिळाली की मला कळवा.